प्लाझ्मावाला फॅक्टर घ्यावा का? घरात वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांकडून सविस्तर रिव्ह्यू

माझ्या धाकट्या भावाला सिव्हियर हिमोफिलिया ए आहे. रक्त गोठायला लागणारा फॅक्टर आठ त्याच्या अंगात निरोगी माणसाच्या १ टक्क्याहून कमी बनतो, आणि रांगायच्या वयापासून ते आता कॉलेजपर्यंत त्याचं सगळं मुख्यतः माणसाच्या प्लाझ्मापासून काढलेल्या फॅक्टरवरच चाललंय. नव्याने निदान झालेल्या मुलांचे आईवडील हमखास एकच प्रश्न विचारतात, की ताई प्लाझ्मावाला घेऊ का रिकॉम्बिनंट (रक्तातून न काढता जनुकीय तंत्राने बनवलेला फॅक्टर) मिळेपर्यंत थांबू, तो जुना प्रकार आहे ना, त्यातून एचआयव्ही होतो ना. दर वेळी फोनवर तेच सांगते म्हणून आता एकदाच नीट लिहून काढतेय. हा कुठल्या एका ब्रँडचा रिव्ह्यू नाहीये, वेगवेगळ्या कंपन्यांच्या बाटल्या आमच्याकडे येऊन गेल्यात आणि मूळ वस्तू तीच असते, त्यामुळे या प्रकारच्या औषधाचाच रिव्ह्यू समजा.

माझं मत आधीच सांगते. थांबू नका. सांध्यात ब्लीड, म्हणजे आतल्या आत रक्तस्राव, चालू असताना हातात प्लाझ्मावाला फॅक्टर असेल आणि तुम्ही चांगल्याची वाट बघत बसलात तर सांधा वाट बघत नाही. आणि 'जुना' या एका शब्दावरून त्याला कमी लेखू नका, आजची बाटली आणि १९८० सालची बाटली यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तो का ते खाली लिहिलंय.

आधी काम कसं करतो ते. बाहेरून काही दिसायच्या आधीच भावाला कळतं, गुडघ्यात मुंग्या आल्यासारखं होतं, आतून गरम लागतं, पाय पूर्ण सरळ करावासा वाटत नाही. लहान होता तेव्हा सांगता यायचं नाही, तेव्हा आई त्याच्या चालण्यावरून ओळखायची, एक पाय जरा जपून टाकतोय म्हटलं की फ्रिज उघडला. त्याच टप्प्यावर डोस गेला तर काही तासांत दुखणं उतरायला लागतं आणि बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी तो उठून जातो. तेच सूज येऊन गुडघा टम्म होईपर्यंत थांबलो तर मग एका डोसने भागत नाही, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो, आठवडा जातो, आणि सांध्यात साचलेल्या रक्तातलं लोह आतल्या पातळ अस्तराला सुजवतं, ते अस्तर जाड होतं, जाड झालं की आणखी सहज फुटतं, आणि मग तोच सांधा परत परत भरायला लागतो. डॉक्टर त्याला टार्गेट जॉइंट म्हणतात. घोटा, गुडघा, कोपर हे तीन सगळ्यात जास्त. म्हणून परिणामाच्या बाबतीत मी याला पूर्ण मार्क देते, पण वेळेवर दिला तर, ही अट मोठी आहे.

डोसचा हिशोब घरातल्या प्रत्येकाला आला पाहिजे असं माझं ठाम मत आहे. १ युनिट म्हणजे निरोगी माणसाच्या १ मिली प्लाझ्मात जेवढा फॅक्टर असतो तेवढा. फॅक्टर आठ वजनाच्या दर किलोला १ युनिट दिला की रक्तातली पातळी साधारण २ टक्क्यांनी वाढते. म्हणजे २० किलोच्या मुलाला ५० टक्क्यांपर्यंत न्यायचं असेल तर २० गुणिले ५० गुणिले अर्धा, ५०० युनिट. सांध्यातल्या ब्लीडला साधारण ४० ते ६० टक्के लागतात, डोक्याला मार लागला किंवा मोठं ऑपरेशन असेल तर ८० ते १००. हिमोफिलिया बी वाल्यांचा फॅक्टर नऊ असतो, तिथे १ युनिटला साधारण १ टक्काच वाढतो, म्हणजे त्याच मुलाला त्याच पातळीसाठी जवळपास दुप्पट लागणार. हे आकडे डॉक्टरांशी बोलताना फार कामाला येतात, कारण अनोळखी दवाखान्यात समोरच्याने हिमोफिलियाचा पेशंट कधी बघितलेलाच नसतो असं होऊ शकतं.

आता वापरायला कसा आहे. पावडरची बाटली, पाण्याची बाटली, जोडायची सुई किंवा ट्रान्सफर सेट, गाळणी, बटरफ्लाय (पंखांची बारीक सुई), एवढं एका खोक्यात. दोन्ही बाटल्या खोलीच्या तापमानाला येऊ द्यायच्या, घाई करून गरम पाण्यात बुडवायच्या नाहीत. पाणी पावडरवर गेलं की बाटली गोल गोल फिरवायची, खळखळ हलवायची अजिबात नाही, फेस येतो आणि ते प्रोटीन आहे, खराब होतं. काही बाटल्या पटकन विरघळतात, काहींना जरा धीर धरावा लागतो आणि मूल रडत असताना ती मिनिटं फार लांब वाटतात. द्रावणात गुठळ्या किंवा तरंगणारे कण दिसले तर ती बाटली वापरायची नाही. गाळणीतूनच ओढायचा, आणि सावकाश द्यायचा, मिनिटाला २-३ मिली. एकदा विरघळवला की बहुतेक पॅकवर ३ तासांच्या आत वापरा असं लिहिलेलं असतं आणि तो परत फ्रिजमध्ये ठेवायचा नसतो. न उघडलेला मात्र २ ते ८ डिग्रीत, फ्रीजरमध्ये नाही. बरेच ब्रँड ठरावीक महिने २५ किंवा ३० डिग्रीपर्यंत बाहेर चालतात, पण एकदा बाहेर काढला की परत फ्रिजमध्ये घालायचा नाही, खोक्यावर बाहेर काढल्याची तारीख लिहायची. कुठला किती दिवस चालतो ते त्या त्या पत्रकात वाचा, सगळ्यांचं सारखं नसतं.

सगळ्यात मोठा वैताग शिरेचा. फॅक्टर आठ शरीरात गेला की ८ ते १२ तासांत अर्धा होतो, म्हणजे ब्लीड होऊच नये म्हणून नियमित द्यायचा तर दिवसाआड किंवा आठवड्यातून तीनदा टोचावं लागतं. दोन-तीन वर्षांच्या गुबगुबीत हातात शीर शोधणं म्हणजे काय ते ज्यांनी केलंय त्यांनाच माहिती. एका नर्सताईंनी आईला शिकवलं, नंतर मला, आणि शाळेत असतानाच भाऊ स्वतः घ्यायला शिकला. त्यानंतर आमच्या घराचं आयुष्यच बदललं हे मी अजिबात वाढवून सांगत नाहीये. रात्री दोनला कुठे पळायचं नाही, कोणाला विनवायचं नाही, फ्रिज उघडायचा आणि काम करायचं. घरी देण्याचं प्रशिक्षण कुठेही मिळत असेल तर ते आधी घ्या. नियमित देण्याची पद्धत काही नवीन खूळ नाहीये, स्वीडनमध्ये माल्मो इथे इंगा मारी निल्सन यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटापासून मुलांना असा फॅक्टर द्यायला सुरुवात केली होती, विचार साधा, की सिव्हियरचा माणूस सतत १ टक्क्याच्या वर राहिला तर तो मॉडरेट, म्हणजे मध्यम तीव्रतेच्या पेशंटसारखा जगेल. आणि तसंच झालं.

आता हे येतं कुठून, कारण प्लाझ्मा शब्दानेच अर्धे लोक घाबरतात. रक्तातल्या पेशी बाजूला केल्या की जो पिवळसर द्रव राहतो तो प्लाझ्मा, आणि गोठवणारी सगळी प्रोटीनं त्यातच असतात. हजारो दात्यांचा प्लाझ्मा मोठ्या टाकीत एकत्र करतात आणि त्यातून एकेक प्रोटीन वेगळं काढतात. थंडीत अल्कोहोल वापरून प्लाझ्माचे भाग पाडायची मूळ पद्धत हार्वर्डच्या एडविन कोन यांची, १९४० च्या दशकातली, तेव्हा युद्धात जखमी सैनिकांसाठी अल्ब्युमिन हे प्लाझ्मातलं प्रोटीन हवं होतं. फॅक्टर आठच्या बाबतीत मोठी उडी घेतली ती स्टॅनफर्डच्या ज्युडिथ पूल यांनी, १९६४-६५ च्या सुमारास. त्यांच्या लक्षात आलं की गोठवलेला प्लाझ्मा थंडच ठेवून हळूहळू वितळवला की तळाला जो साका राहतो त्यात फॅक्टर आठ भरपूर असतो. तो साका म्हणजे क्रायो, क्रायोप्रेसिपिटेट. त्याआधी नुसता प्लाझ्मा चढवायचे. वरचा हिशोब आठवा, १ मिलीत १ युनिट, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १५०० युनिट हवे असतील तर दीड लिटर प्लाझ्मा, तेवढं पाणी शरीरात ढकललं तर हृदयावर ताण येतो. क्रायोच्या एका बॅगेत साधारण ८० युनिट, हे खूपच बरं, पण साध्या क्रायोत आणि प्लाझ्मात विषाणू मारायची पायरी नसते. फॅक्टरच्या पावडरीत ती असते. म्हणून जिथे पर्याय आहे तिथे क्रायोपेक्षा फॅक्टरच मागा, आणि पर्याय नसेल तर क्रायोही जीव वाचवतो हे विसरू नका.

दात्यांबद्दल एक सांगते, प्लाझ्मा उद्योगाचाच एक हिशोब आहे की हिमोफिलियाच्या एका पेशंटच्या वर्षभराच्या उपचाराला सुमारे १२०० वेळा दिलेला प्लाझ्मा लागतो. प्लाझ्मा दिल्यापासून औषधाची बाटली होईपर्यंत ७ ते १२ महिने जातात. मी भावाला डोस देताना हा आकडा खूपदा आठवते. कोण कुठली माणसं, कधी भेटणार नाहीत, सुई टोचून घेऊन तासभर बसली म्हणून हा मुलगा आज जिने चढतोय.

आता सुरक्षितता. इथे मी काहीच लपवून ठेवणार नाही कारण लोकांची भीती खोटी नाहीये. १९७० च्या दशकात पावडर फॅक्टर आला, सगळ्यांना वाटलं आता सुटलो, आणि हजारोंच्या त्या टाकीत एका जरी दात्याला संसर्ग असला तर पूर्ण बॅच दूषित. जुलै १९८२ मध्ये अमेरिकेत हिमोफिलियाच्या तीन पेशंटना नंतर एड्स म्हणून ओळखला गेलेला आजार झाल्याची नोंद झाली. पुढच्या काही वर्षांत तिथल्या हिमोफिलियावाल्यांपैकी जवळपास निम्म्यांना एचआयव्ही झाला, सिव्हियर वाल्यांत तर त्याहून जास्त, आणि हिपॅटायटिस सी तर जवळजवळ सगळ्यांनाच. हिमोफिलिया बी ला ज्यांच्या आडनावावरून ख्रिसमस डिसीज म्हणतात ते स्टीफन ख्रिसमस, ते स्वतः १९९३ मध्ये रक्तातून झालेल्या एड्सनेच गेले. ब्रिटनमध्ये या सगळ्याची चौकशी होऊन सर ब्रायन लँगस्टाफ यांचा अहवाल २० मे २०२४ ला आला, तिथे रक्त आणि रक्तापासूनच्या औषधांतून ३०,००० हून जास्त लोकांना संसर्ग झाला होता, सुमारे ३,००० जण गेले, आणि अहवालात स्वच्छ म्हटलंय की यातलं बरंचसं टाळता आलं असतं. अख्खी पिढी गेली. घरात दोन-दोन भाऊ गेले. म्हणून कोणी आईने विचारलं की हे सुरक्षित आहे का, तर तिला वेड्यात काढू नका, तिने विचारायलाच पाहिजे.

मग बदललं काय? आधी दाता. आता प्रत्येक वेळी एचआयव्ही, हिपॅटायटिस बी, सी यांच्या चाचण्या होतात, नुसत्या अँटीबॉडीच्या नाही तर विषाणूचं जनुकीय द्रव्य शोधणाऱ्या नॅट चाचण्या, ज्या संसर्गाच्या फार लवकरच्या दिवसांतही पकडतात. दुसरं, आणि माझ्या मते खरं काम यानेच केलं, ते म्हणजे कारखान्यात मुद्दाम विषाणू मारणं. जर्मनीत बेरिंगवेर्के कंपनीने १९८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच द्रावण ६० डिग्रीला १० तास तापवून पाश्चराइझ केलेला फॅक्टर आणला होता. काही ठिकाणी कोरडी पावडर ८० डिग्रीला ७२ तास ठेवतात. आणि न्यूयॉर्क ब्लड सेंटरमध्ये बर्नार्ड होरोविट्झ यांच्या टीमने सॉल्व्हंट-डिटर्जंट पद्धत काढली, तिला १९८५ मध्ये मान्यता मिळाली. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी या तिघांच्याही अंगावर चरबीचं आवरण असतं, सॉल्व्हंट-डिटर्जंट ते आवरणच फोडतं, विषाणू मेला. नीट प्रक्रिया केलेल्या अशा फॅक्टरमधून हे तीन विषाणू पसरल्याची उदाहरणं त्यानंतर सापडत नाहीत, आणि ही काही थोड्या दिवसांची गोष्ट नाही, जगभरात दशकं झाली.

पण ज्यांना आवरण नाही त्यांच्यावर डिटर्जंट चालत नाही, उदाहरणार्थ हिपॅटायटिस ए आणि पार्व्हो बी-१९. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात अशा फॅक्टरमधून हिपॅटायटिस ए ची लागण झाली होती. म्हणून आता चांगल्या उत्पादनात वेगवेगळ्या प्रकारच्या किमान दोन पायऱ्या असतात, डिटर्जंट आणि त्याच्या जोडीला उष्णता किंवा नॅनोफिल्टर, म्हणजे इतकी बारीक गाळणी की प्रोटीन जातं आणि विषाणू अडकतो. फॅक्टर नऊ लहान असल्यामुळे १५ नॅनोमीटरच्या गाळणीतून जातो, फॅक्टर आठ मोठा, त्याला जरा मोठी छिद्रं लागतात. तरी पार्व्होची शक्यता पूर्ण शून्य म्हणता येत नाही, गरोदर बाई किंवा प्रतिकारशक्ती कमी असलेला माणूस असेल तर डॉक्टरांशी हे मुद्दाम बोला. आणि हिपॅटायटिस ए, बी च्या लसी घेऊन टाका, पण लस देताना हिमोफिलिया आहे हे सांगा म्हणजे स्नायूत खोल न देता त्वचेखाली देतील. नवीन ब्रँड हातात आला की आम्ही पत्रकात आधी हेच वाचतो, विषाणू मारायच्या पायऱ्या कुठल्या आणि किती. ज्याच्या पत्रकात हे स्पष्ट लिहिलेलं नाही त्याबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय मी तरी हात लावणार नाही.

आता इन्हिबिटर, म्हणजे दिलेल्या फॅक्टरला निकामी करणारी अँटीबॉडी. या विषयात प्लाझ्मावाल्या फॅक्टरची बाजू खरं तर भक्कम आहे आणि लोकांना हे माहीतच नसतं. सिव्हियर हिमोफिलिया ए च्या साधारण ३० टक्के मुलांत शरीर बाहेरून आलेल्या फॅक्टरविरुद्ध अँटीबॉडी तयार करतं, घरात आलेल्या पाहुण्याला चोर समजून हाकलावं तसं. मग डोस कितीही द्या, टिकतच नाही. धोका पहिल्या ५० डोसांच्या दिवसांत सगळ्यात जास्त. सिपेट नावाचा अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला, फ्लोरा पेवांडी आणि पिअर मनुचियो मनुची यांच्या टीमचा. आधी फॅक्टर आठ कधीच न घेतलेली किंवा जेमतेम रक्त-प्लाझ्मा मिळालेली सहा वर्षांखालची सिव्हियर मुलं, चिठ्ठी टाकल्यासारखी दोन गटांत वाटली, एका गटाला फॉन विलेब्रँड फॅक्टर असलेला प्लाझ्मावाला, दुसऱ्याला रिकॉम्बिनंट. प्लाझ्मा गटात २६.८ टक्के मुलांना इन्हिबिटर आला, रिकॉम्बिनंट गटात ४४.५ टक्के. फरक किती मोठा आहे बघा. फॉन विलेब्रँड हे प्रोटीन फॅक्टर आठला चिकटून त्याला झाकून ठेवतं, त्यामुळे प्रतिकारशक्तीच्या नजरेत तो कमी येतो, असं एक कारण समजलं जातं. यावर नंतर वादही झाले, त्या अभ्यासात लांब टिकणारे नवे रिकॉम्बिनंट नव्हते, आणि आता बऱ्याच मुलांचं पहिलं औषध वेगळंच असतं. पण 'प्लाझ्मावाला म्हणजे दुय्यम' हे म्हणणाऱ्याला मी हा अभ्यास दाखवते. सुरुवातीच्या डोसांत दर ५ डोसांच्या दिवसांनी इन्हिबिटरची तपासणी करून घ्या, २० नंतर ५० पर्यंत दर १० ला. आणि नेहमीचा डोस अचानक लागू पडेनासा झाला तर लगेच.

इन्हिबिटर आलाच तर पुन्हा प्लाझ्मापासूनचंच एक औषध आहे, एपीसीसी, ज्यात फॅक्टर आठच्या पायरीला वळसा घालून पुढचं काम करणारे घटक असतात, किंवा मग रिकॉम्बिनंट सातवा फॅक्टर. इथे एक गोष्ट मोठ्या अक्षरात वाचा, जो पेशंट एमिसिझुमॅब (ब्लीड टाळायला त्वचेखाली द्यायचं एक वेगळं औषध) घेतोय त्याला एपीसीसी तज्ज्ञाला विचारल्याशिवाय अजिबात देऊ नका, सुरुवातीच्या चाचण्यांतच दिवसाला किलोमागे १०० युनिटपेक्षा जास्त एपीसीसी २४ तासांहून अधिक काळ दिलेल्या काही पेशंटना बारीक रक्तवाहिन्यांत गुठळ्या झाल्या होत्या.

एमिसिझुमॅबचं नाव निघालंच तर तुलना करते. रिकॉम्बिनंट १९९२ मध्ये बाजारात आला, त्यातला फॅक्टर माणसाच्या प्लाझ्माच्या टाकीतून येत नाही त्यामुळे ती भीती खूपच कमी. लांब टिकणारे प्रकार २०१४ नंतर आले, टोचणं कमी झालं. एमिसिझुमॅबला २०१७ मध्ये मान्यता मिळाली आणि ते त्वचेखाली, आठवड्याला, पंधरा दिवसांनी किंवा महिन्याला द्यायचं, शीर शोधायची गरजच नाही, लहान मुलांसाठी हे वरदान आहे हे मी मनापासून मान्य करते आणि ज्यांना मिळतंय त्यांनी जरूर घ्यावं. पण ते ब्लीड होऊ नये म्हणून. चालू झालेलं ब्लीड थांबवायला किंवा मोठ्या ऑपरेशनला फॅक्टर लागतोच, म्हणून घरात दोन बाटल्या असाव्यातच. आणि ते हिमोफिलिया बी ला चालत नाही.

प्लाझ्मापासूनची बाकीची औषधं आम्ही सगळी वापरलेली नाहीत पण त्यांच्याबद्दल विचारणारे खूप असतात म्हणून लिहिते. फॉन विलेब्रँड डिसीज, म्हणजे तेच फॉन विलेब्रँड प्रोटीन कमी असण्याचा किंवा नीट काम न करण्याचा आजार, फिनलंडच्या एरिक फॉन विलेब्रँड यांनी १९२६ मध्ये वर्णन केलेला, हा मुलींमध्येही तितकाच होतो आणि पाळीत अती रक्त जातंय हे 'असतं काही जणींना' म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षित राहतं, याचा मला खरंच राग येतो. याच्या टाइप ३ या सगळ्यात तीव्र प्रकारात डेस्मोप्रेसिन (शरीरात साठलेलं हे प्रोटीन बाहेर काढणारं औषध) चालत नाही, तिथे फॉन विलेब्रँड असलेला प्लाझ्मा फॅक्टरच लागतो. पण प्रत्येक प्लाझ्मा फॅक्टर आठमध्ये तो असतोच असं नाही! अतिशुद्ध केलेल्या काही प्रकारांत तो जवळजवळ काढून टाकलेला असतो. खोक्यावर फॉन विलेब्रँडचे युनिट वेगळे लिहिलेत का ते बघूनच घ्या.

पीसीसी, म्हणजे प्लाझ्मातल्या काही फॅक्टरांचं एकत्र औषध, त्याचा अनुभव मात्र घरचा आहे. काका वॉरफरिन या रक्त पातळ करायच्या गोळीवर होते आणि डोक्यात रक्तस्राव झाला, तिथल्या डॉक्टरांनी प्लाझ्माच्या पिशव्या मागवण्याऐवजी पीसीसी दिलं. यात दोन, सात, नऊ आणि दहा हे चार फॅक्टर असतात, म्हणजे वॉरफरिन जे कमी करतं नेमके तेच. आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते सांगणारा आकडा) २ ते ४ असेल तर किलोमागे २५ युनिट, ४ ते ६ ला ३५, त्याच्या वर ५०, आणि सोबत व्हिटॅमिन के हवंच, नाहीतर काही तासांनी परिणाम ओसरतो. २०१३ मध्ये आलेल्या एका तुलनेत मोठ्या रक्तस्रावाच्या पेशंटमध्ये अर्ध्या तासात आयएनआर जागेवर आला तो पीसीसी गटात ६२ टक्क्यांचा आणि प्लाझ्मा गटात फक्त १० टक्क्यांच्या आसपास, आणि तेही साधारण १०० मिलीत, जिथे प्लाझ्मा ८०० मिलीच्या वर गेला. रक्तगट जुळवायचा नाही, पिशवी वितळायची वाट बघायची नाही. काका आता हिंडतफिरत आहेत. धोका उलट बाजूचा, गुठळी होण्याचा, आणि बऱ्याच ब्रँडमध्ये थोडं हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) असतं त्यामुळे ज्यांना हेपारिनने प्लेटलेट कमी झाल्याचा इतिहास आहे त्यांनी आधी सांगावं.

फायब्रिनोजेन, म्हणजे गुठळीचं जाळं बनवणारं प्रोटीन, त्याची पावडर जन्मतः ते नसणाऱ्यांसाठी, शिवाय हार्टच्या ऑपरेशनमध्येही वापरतात, २०१९ च्या एका मोठ्या चाचणीत तिथे ते क्रायोच्या बरोबरीचं ठरलं. फॅक्टर तेराची कमतरता दुर्मिळ पण फसवी, गुठळी होते आणि विरघळून जाते, रक्त गोठण्याच्या नेहमीच्या पीटी-एपीटीटी तपासण्या नॉर्मल येतात, बाळाच्या नाळेतून रक्त येत राहतं तेव्हा शंका घ्यावी. चांगली बाजू म्हणजे तो शरीरात इतका टिकतो की महिन्यातून एकदा दिला तरी भागतं. आणि सर्जन वापरतात तो फायब्रिन ग्लू, तोही प्लाझ्मातलाच, फायब्रिनोजेन आणि थ्रोम्बिन जागेवर एकत्र येतात आणि तिथेच गुठळी बनते, भावाची दाढ काढली तेव्हा डेंटिस्टने फॅक्टर दिल्यावर वरून हाच लावला होता.

तोटे एकत्र सांगायचे तर, शीर, वारंवार टोचणं, फ्रिज, आणि काही जणांना अंगावर पित्त उठणं किंवा थंडी वाजणं. फॅक्टर नऊ वाल्यांनी जास्त सावध राहा, त्यात इन्हिबिटर येताना जोरदार ॲलर्जी येऊ शकते, म्हणून पहिले १०-२० डोस दवाखान्यातच घ्यावेत. ए, बी किंवा एबी रक्तगट असणाऱ्याला मोठ्या ऑपरेशनच्या वेळी कमी शुद्ध प्रकाराचे मोठे डोस सलग गेले तर त्यातल्या रक्तगटाच्या अँटीबॉडींमुळे लाल पेशी फुटू शकतात, हिमोग्लोबिनवर लक्ष ठेवायला सांगा.

औषधाचा नाही पण ते देणाऱ्या व्यवस्थेचा एक अनुभव सांगायलाच हवा. भाऊ डोक्यावर पडला होता, आम्ही फॅक्टर हातात घेऊन इमर्जन्सीत गेलो आणि तिथे आधी स्कॅन, आधी रिपोर्ट, मग बघू, असं चाललं. डोक्याला मार लागला की आधी फॅक्टर, मग स्कॅन, जगभरातली मार्गदर्शक तत्त्वं हेच सांगतात. आईने शेवटी तिथेच खुर्चीवर बसवून स्वतः दिला. तेव्हापासून त्याच्या पाकिटात एक कार्ड असतं, निदान, प्रकार, वजन, डोस, तज्ज्ञांचा नंबर, आणि ठळक अक्षरात 'आधी फॅक्टर, स्नायूत इंजेक्शन नको, ॲस्पिरिन-आयबुप्रोफेन नको'. तुम्हीही करा.

पाचपैकी साडेचार देते, अर्धा शिरेपायी कापला. आणि बऱ्याच बाटल्यांवर बॅच नंबरचं एक सोलून काढता येणारं स्टिकर असतं, ते फेकू नका, एका वहीत तारीख, कुठला सांधा, किती युनिट आणि ते स्टिकर असं चिकटवत जा. कधी एखादी बॅच कंपनीने परत मागवली तर त्यातली तुमच्याकडे आली होती का हे त्या वहीवरूनच कळेल, आणि डॉक्टर बदलले की पहिल्या भेटीत तीच पुढे ठेवा.